सौदा झाल्यानंतरचं काम

ताई, सविनय नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आमच्या बेदाण्याच्या लिलावाच्या सॉफ्टवेअरला तुम्ही जोड देऊन आमची अडचण सोडवलीत, त्याचे आभार मानणारं पत्र मात्र उघडच लिहितोय. तयार लिलावाचं सॉफ्टवेअर विकत घेऊन आमच्यासारख्या आणखी काही शेतकरी कंपन्या अडून बसल्या असतील, त्यांना उपयोग होईल.

तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या सौद्यात बोली लागणं हा सगळ्यात सोपा भाग. तेवढं ते सॉफ्टवेअर झकास करत होतं. वेळ संपली, मोठी बोली जिंकली, लगेच बिल तयार! पण आपल्याकडे भाव आधी शेतकऱ्याला पटावा लागतो. मग कोल्ड स्टोरेजमधून माल निघतो, काट्यावर चढतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होते ती त्या वजनावर. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, तुमची पद्धत बदला.

तुम्ही मूळ प्रोग्रामला हातही लावला नाहीत. लॉट बंद झाला की तो वेबहुकनं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला आपोआप कळवायच्या सोयीनं, बाहेर निरोप पाठवतो, एवढाच धागा धरून पुढचं सगळं उभं केलंत. शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर भाव जातो, ‘मान्य’ आलं तरच गेटपास निघतो, संध्याकाळपर्यंत उत्तर नसेल तर लॉट पुन्हा सौद्याला. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना ऑफिसातून विचारून नोंद करायची सोय वेगळी. ही शेवटची सोय आमच्यापैकी कुणी मागितलीच नव्हती.

सुरुवातीला एकाच लॉटच्या दोन पट्ट्या निघाल्या तेव्हा हिशेबनीस हबकले होते. पोच मिळाली नाही की वेबहुक तोच निरोप पुन्हा धाडतं, ही त्याची रीतच असते, हे तुम्ही समजावलंत. आता प्रत्येक निरोपाचा क्रमांक आधी तपासला जातो, आलेला असेल तर सोडून दिला जातो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचीही सोय केलीत. टॅलीचा संगणक रात्री बंद असतो, म्हणून नोंदी रांगेत थांबतात आणि सकाळी तो सुरू झाला की आपोआप आत जातात. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्याला जीएसटी नाही, हे जीएसटी परिषदेनं डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आमच्याकडे व्यापाऱ्यांचा मालही येतो. तेव्हा कर मालावरून नव्हे, विकणारा कोण त्यावरून ठरवायचा, हा नियम तुम्ही पट्टीतच बसवलात.

पण खरे उपकार दिवाळीच्या तोंडावरचे. झिरो पेमेंटसाठी सौदे बंद ठेवून सगळी येणी-देणी मिटवायची, ही इथली जुनी वहिवाट. ती कुठल्या तयार सॉफ्टवेअरात सापडणार? तुम्ही ती बोलीच्या दारातच आणून ठेवलीत. ज्याची मुदत उलटलेली बाकी आहे, त्याला लॉट दिसतो, नमुन्याची नोंद दिसते, पण बोली लावता येत नाही. पैसे जमा झाल्याची खूण बँकेकडून आली की बंदी आपोआप उठते. पूर्वी यासाठी मलाच फोन फिरवून वाईटपणा घ्यावा लागे. आता व्यापारी थेट स्क्रीनवर चिडतात, माझं नाव निघत नाही. त्यांच्यातले काही तर आता मुदतीच्या आधीच भरतात.

आणि तुम्ही एका गोष्टीला नाही म्हणालात, त्याचेही आभार. बोली चालू असताना राखीव भाव, म्हणजे ज्याच्याखाली माल विकायचा नाही तो भाव, गुपचूप वर-खाली करायची सोय आमच्या एका संचालकांना हवी होती. तुम्ही म्हणालात, बदल करा, पण कुणी, कधी केला हे शेतकरी आणि व्यापारी दोघांनाही दिसेल. ते ऐकून मागणीच मागे घेतली गेली. फोटोवरून हिरवा बेदाणा विकायचा हट्टही तुम्ही मोडलात. प्रत्येक मोबाईलवर रंग वेगळा दिसतो, हे आम्हाला ठाऊक असूनही आम्ही रेटत होतो. नमुन्याच्या बॉक्सवरचा क्यूआर कोड हा तुमचा तोडगा आता कोल्ड स्टोरेजच्या हमालांनाही पाठ झालाय.

बिलात टॅलीच्या जोडणीचे पैसे मात्र तुम्ही लावलेलेच नाहीत. हिशेबनीसांनी ते पकडलं आहे. सुधारित बिल आल्याशिवाय तुमचं खातं ‘झिरो’ दाखवायला ते तयार नाहीत, तेव्हा तेवढं लवकर पाठवा.

आपला,
शेतकरी कंपनीचा व्यवस्थापक