पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र : मांजराची रक्ततपासणी आमच्या जिल्ह्यातच होऊ द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार,

मागणी आधीच सांगून टाकते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत एफईएलव्ही आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूजन्य आजारांची रॅपिड टेस्ट सुरू करा. फुकट नको, परवडेल अशी फी लावा, आम्ही भरू.

खान्देशात मांजर विकत आणणारे कमीच. पिल्लू कुणाच्या खळ्यात नाहीतर जिनिंगच्या आवारात सापडतं, पोरं उचलून आणतात आणि सरळ घरातल्या जुन्या मांजरांत सोडून देतात, मग एकाच ताटलीत दूध, एकमेकांना चाटणं, सगळं सुरू. आणि एफईएलव्ही, म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया, मुख्यतः लाळेतूनच पसरतो. एफआयव्ही, म्हणजे मांजराची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, जास्त करून बोक्यांच्या मारामारीत, खोल चाव्यातून जातो. माणसाला यातलं काही होत नाही, पण मांजराला एकदा झालं की पूर्ण बरं करणारं औषध नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाधित मांजर महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं धडधाकट दिसतं, त्यामुळे नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही. बरेच जण म्हणतात लस दिलीये ना, मग झालं. पण नेहमीची तीन रोगांची लस या दोन्हींवर चालत नाही.

सध्या आमच्या घरी एक पिल्लू न्हाणीत वेगळं ठेवलंय, केळीच्या क्रेटमध्ये गोणपाट टाकून. भांडं वेगळं, मातीचा ट्रे वेगळा. आमची मनी दिवसभर दाराशी बसते, खालच्या फटीतून पंजा आत घालते आणि पिल्लू आतून तो पंजा चाटायला बघतं, म्हणून फटीत टॉवेल कोंबून ठेवलाय. आजी म्हणते, "मांजरले काय व्हस!" तपासणीसाठी इथल्या एका दवाखान्यात विचारलं तर किट नाही, नाशिकला घेऊन जा म्हणाले. जळगावहून नाशिक जवळपास २५० किलोमीटर, वर आमच्याकडचं मे महिन्याचं ४५ डिग्री ऊन, त्यात एवढंसं पिल्लू एसटीत कसं न्यायचं?

बरं, एकदा जाऊनही भागत नाही. टेस्ट सोपी आहे, थोडंसं रक्त, किटवर काही थेंब, दहा-पंधरा मिनिटांत रिझल्ट. पण लागण नुकतीच झाली असेल तर निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून एफईएलव्हीसाठी महिन्याभराने आणि एफआयव्हीसाठी दोन महिन्यांनी परत तपासायला लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात तर आईकडून आलेल्या अँटीबॉडीमुळे एफआयव्ही उगाचच पॉझिटिव्ह दिसू शकतं. हे समजावून सांगणारा डॉक्टर जवळ नसला तर लोक घाबरून पिल्लू बाजारात सोडून येतात. पॉझिटिव्ह म्हणजे मरण नव्हे हो, दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची असते, आणि एफआयव्ही असलेली मांजरं घरात नीट सांभाळली तर कित्येक वर्षं जगतात.

आजारी जनावर वेगळं बांधायचं हे आम्हाला नवीन नाही. २०२२ साली राज्यातली लम्पीची पहिली केस आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला सापडली, तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, गोठे वेगळे झाले आणि लोकांनी ते पाळलं, कारण तुमचं खातं गावात येऊन सांगत होतं. मांजराबद्दल कुणी सांगतच नाही. पशुगणनेत कुत्रा, ससा, हत्तीसुद्धा मोजतात, मांजर त्यात नाही, आणि जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी पैसे तरी कुठून निघणार? हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

किटचं म्हणाल तर काही किट फ्रीजमध्ये ठेवायला लागतात, पण लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठी २ ते ८ डिग्रीचा फ्रीज दवाखान्यात असतोच, त्यातला एक कप्पा पुरेल. सुरुवात तिन्ही जिल्ह्यांच्या सर्वचिकित्सालयांपासून, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी पशुदवाखान्यांपासून करा, तालुक्याचं नंतर बघू. आणि किट येईपर्यंत निदान प्रत्येक दवाखान्यात एक बोर्ड लावा की नवीन मांजर आणलं तर तपासणी होईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी ठेवा, आणि बोक्याची नसबंदी करून घ्या.

आपली,
एक मांजरवाली, चोपडा, जि. जळगाव