तळघरातल्या काकांना

प्रिय काका,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. माझी लेक ते तुम्हाला वाचून, समजावून सांगेल. सोलापूरला माझ्या नातेवाइकांना अजून एवढंच ठाऊक आहे, की मी इंग्लंडमध्ये दारूचा धंदा करते. शेफिल्डच्या आमच्या गल्लीतल्या पबमध्ये नेमकं काय चालतं आणि ते कुणामुळे चालतं, हे त्यांनीही वाचावं अशी फार इच्छा आहे.

बंद पडलेला हा पब आम्ही नवराबायकोनं चालवायला घेतला, त्या हिवाळ्यातली पहिली शुक्रवार संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. सकाळी पिंपं उतरली होती. एकेकात 9 गॅलन, म्हणजे 72 पिंट. संध्याकाळी मी घाईघाईनं तोटी बसवली आणि ग्लासात आली ती ताकासारखी गढूळ बिअर. लोकांनी एकेक घोट घेतला, ग्लास बारवर ठेवले आणि निघून गेले. तुम्ही मात्र थांबलात. कोट खुंटीला अडकवलात आणि विचारलंत, "तळघर बघू का जरा?"

उभा जन्म पबच्या तळघरांत काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दारात हजर, आणि मग सगळा हिवाळा रोज. एका पैशाला हात लावला नाहीत.

ही बिअर जिवंत असते, हे मला तुमच्याकडून कळलं. ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यात यीस्ट असतं, आणि ती पिंपातच पुन्हा आंबते. तिला वेळ द्यायचा, गाळ बुडाशी बसू द्यायचा, तळघर 12 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि पिंपाला धक्का लावायचा नाही. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मला आजीचं विरजण दिसत होतं. दह्याचं भांडं हलवलं तर ती ओरडायची. मी तुम्हाला ते सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मग तुला येतंय की हे सगळं!" त्या वाक्यानं मला किती बळ दिलं, ते तेव्हा बोलता आलं नाही.

तोटी ठोकायलाही तुम्हीच शिकवलंत. डाव्या हातात तोटी सरळ धरायची, उजव्या हातात लाकडी हातोडा, आणि एकच घाव. कचरलात की बिअरचं कारंजं तोंडावर. वरच्या बुचात मऊ लाकडाची, आतला वायू बाहेर जाऊ देणारी खुंटी बसवली की तुम्ही वाकून कान लावायचात. आत जोरात फसफस चालू असेल तर "अजून नाही," म्हणायचात. आवाज मंदावला की मऊ खुंटी काढून वायू अडवणारी कडक खुंटी ठोकायची.

तळघरातली बिअर वर बारवर खेचणाऱ्या सहा हँडपंपांपैकी तीनच चालू ठेवा, हा तुमचा सल्ला मला आधी पटला नव्हता. पण पिंप उघडलं की आत हवा शिरते, आणि तीन दिवसांत ते संपलं नाही तर चव उतरते. खप तेवढीच पिंपं उघडायची. आता दोन बिटर (कडवट बिअर) आणि एक माइल्ड (सौम्य बिअर) असते, आणि तिन्ही ताज्या असतात. 1971 मध्ये चार मित्रांनी 'कामरा' ही चळवळ सुरू केली ती अशाच बिअरसाठी, आणि 1981 मध्ये शेफिल्डच्याच केलम आयलंड भागात 'फॅट कॅट' हा पब सुरू झाला तेव्हा लोक तिच्यासाठी लांबून यायचे, हे तुम्ही पंपाचा दांडा पुसता पुसता सांगायचात.

आणि ती भिंत! तिथं आम्ही मोठा टीव्ही लावणार होतो. तुम्ही पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाईंना त्यांची जलरंगातली चित्रं घेऊन यायला लावलंत. पावसात चमकणारी स्लेटची छपरं, भाजीच्या वाफ्यातली रुबार्बची पानं, मागच्या बोळातली फाटकं. एक गृहस्थ हातात पिंट घेऊन कितीतरी वेळ एका चित्रापुढं उभे होते. मग हळूच म्हणाले, "हे आमचं फाटक आहे. निळा रंग माझ्या बायकोनं दिला होता." ती आता नाही. त्यांनी चित्र विकत घेतलं. तेव्हापासून ती भिंत वस्तीतल्या चित्रकारांची आहे. आम्ही कमिशन घेत नाही, विक्रीचे सगळे पैसे त्यांचेच. जी माणसं कधी पबची पायरी चढली नसती, ती चित्रं बघायला येतात आणि अर्धी पिंट घेऊन गप्पा मारत बसतात. मला हवा होता तो पब हाच.

काका, तुमचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत, हे मला दिसतं. म्हणून तळघराच्या दाराशी, वरच्या पायरीजवळ तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. मंगळवारी माइल्डचं नवं पिंप येतंय. खुंटी मी ठोकीन, कान मी लावीन, आणि पहिला ग्लास वर तुमच्या हातात आणून देईन. प्यायच्या आधी उजेडात धरून बघा.

तुमची,
तळघरातली विद्यार्थिनी