बाळूच्या नोकरीसाठी पैसे भरायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

सा. न. परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं, रेंज गेली आणि मग बाबांनी फोन उचललाच नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. बाळूला म्हणावं मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे त्याच्याही कानावर जाईल.

त्या एजंटला पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. आईच्या पाटल्या तारण ठेवायचं चाललंय असं काकीकडून कळलं आणि मला रात्रभर झोप नाही. एजंट म्हणतो, कुवेतला फिटरची नोकरी, राहणं-जेवण कंपनीचं, फक्त दीड लाख भरा, त्यातले पन्नास हजार आत्ताच. बाबा, परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारचं लायसन लागतं, आणि लायसनवाला एजंटसुद्धा पोराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे सगळे मिळून ३५,४०० एवढेच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. मग दीड लाख कशाचे? त्याला एवढंच विचारा की तुझा लायसन नंबर काय. ई-मायग्रेट नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे नंबर टाकला की लायसन चालू आहे की संपलंय ते दिसतं. "मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा मी इथला माणूस" असं म्हणाला तर तिथेच थांबा, कारण असे मधले सब-एजंट कायद्यात बसत नाहीत.

अजून एक. बाळू दहावी पास, म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीएनआर आहे. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की आखातात जाताना त्याला सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी कामाला जायची परवानगी) लागत नाही, म्हणजे दहावी न झालेल्या पोराचे कागद जसे सरकार जायच्या आधी तपासतं तसे त्याचे कोणी तपासणार नाही. आपल्यालाच बघायचंय सगळं. व्हिसा नोकरीचा आहे की व्हिजिटचा, करारात पगाराचा आकडा आणि कामाचे तास लिहिलेत का, करार त्याला कळेल अशा भाषेत आहे का. व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो, असं बोलला की उठून यायचं. थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेलेली आपली पोरं म्यानमारच्या हद्दीत ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकली होती, मार्च २०२५ मध्ये विमानदलाची विमानं पाठवून शेकडोंना आणावं लागलं. ती पण शिकलेल्या घरातलीच पोरं होती.

बाबा, तुमची तळमळ मला कळते. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांसोबत तुम्हीही बाहेर पडलात, गिरणी काही परत उघडली नाही आणि तुम्ही गावी येऊन आजोबांची कलमं सांभाळलीत. म्हणून तुम्हाला वाटतं पोराला एकदा कायमचं कुठेतरी चिकटवलं की सुटलो, बाळू आत्ता लोट्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडून करतो ते काम म्हणजे नोकरीच नाही. पण आता बाहेर तसंच चाललंय हो. देशातल्या नोंदणी असलेल्या कारखान्यांत दहातले चार कामगार कंत्राटी आहेत. मी पगाराच्या खात्यात काम करते, माझ्या डोळ्यासमोर पर्मनंट माणूस रिटायर होतो आणि त्याची जागा भरतच नाहीत, ठेकेदाराचा माणूस येतो नाहीतर दोन वर्षांच्या करारावरचा. हे चांगलं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण कंत्राटी माणसाला हक्कच नसतात हे खोटं आहे, आणि ठेकेदार नेमकं तेच पोरांच्या डोक्यात भरवतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन चार कामगार संहिता लागू झाल्यात, जुने २९ कायदे त्यात घेतलेत. आता प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यावंच लागतं. बाळूकडे आहे का? माझ्या माहितीप्रमाणे त्याच्याकडे नुसता गेट पास आहे. ठेकेदाराकडे पत्र मागायचं, लेखी, आणि मागितल्याचा फोटो काढून ठेवायचा. कंपनीशी थेट ठराविक मुदतीचा करार झाला तर ग्रॅच्युइटीला आता पाच वर्षं थांबायला नको, एक वर्ष पुरतं, म्हणून उद्या अशी ऑफर आली तर नाक मुरडू नका.

बारा तासांच्या शिफ्टचं मला सगळ्यात जास्त लागलंय. वरच्या तासांचे पैसे दुप्पट दराने द्यायला लागतात, हा नियम आजचा नाही, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून आहे. बाळूला साध्या दरानेच देतायत आणि तो म्हणतो सगळ्यांना असंच देतात. त्याने रोजची येण्या-जाण्याची वेळ वहीत लिहून ठेवावी, तारखेसकट. आणि ठेकेदार पळाला किंवा पगार थकवला तर तो पगार द्यायची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते, हे त्याच्या बरोबरच्या पोरांनाही सांगू दे.

पीएफचं बघायचंय. त्याच्या पगारातून १२ टक्के कापतात, तेवढेच मालकाने घालायचे असतात, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. कापलेले खरंच भरले का ते सरकारच्या उमंग अ‍ॅपवर यूएएन, म्हणजे त्याचा पीएफचा नंबर, टाकून पासबुकात दिसतं. आमच्याकडे एक मुलगी आली होती, जुन्या ठेकेदाराने तिचे कापले होते पण भरलेच नव्हते. तिने पगाराच्या स्लिपा जपून ठेवल्या होत्या म्हणून पीएफ ऑफिसात तक्रार तरी करता आली. आई, बाळू कागद कुठेही टाकतो, त्याच्या सगळ्या स्लिपा तू तुझ्या पत्र्याच्या पेटीत ठेव.

त्याला आखातात जायचंच असेल तर मी आडवी येणार नाही. आपल्या वाडीतली किती घरं त्या पैशावर उभी राहिलीत ते मलाही माहितेय. फक्त लायसनवाल्याकडून जाऊ दे, ३५,४०० मी भरते, पाटल्या घरातच राहू देत.

एजंटचं कार्ड आणि त्याने दिलेला कागद, दोन्हीचे फोटो बाळूला आज रात्रीच पाठवायला सांगा. रविवारी सकाळी मी फोन करते, तेव्हा त्याने यूएएन आणि आधारला लावलेला मोबाईल जवळ ठेवावा, ओटीपी येईल. बाबा, रविवारपर्यंत एजंटचा फोन आला तर पोरगी बोलेल म्हणून सांगा आणि माझा नंबर द्या.

बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
माई