कुंचीतली ऊब

नाशिक, १२ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नातीच्या बारशाचे फोटो मिळाले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, आपण म्हातारे शेगडीजवळ बसूनही कुडकुडतो, मग एवढेसे बाळ गारठ्यात कुडकुडताना का दिसत नाही. तुझ्या या प्रश्नाचे उत्तर तंतुकणिकेत दडलेले आहे.

शाळेत आपण तंतुकणिकेला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून मोकळे झालो. ते केंद्र चालते कसे, हे ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल मिळाले. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, त्या प्रवासात सुटलेल्या ऊर्जेवर प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात, तेथे ते धरणातल्या पाण्यासारखे तुंबतात आणि एटीपी सिंथेझ नावाच्या टर्बाइनमधून परत येताना एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, घडवतात. इंधन जळणे आणि एटीपी होणे यांची अशी सांगड असल्यामुळे एटीपी खपला नाही की पाणी तुंबते आणि जळणेही मंदावते.

ही सांगड सोडवणारे प्रथिन म्हणजे अनकपलिंग प्रोटीन, त्यातले मूळचे यूसीपी-१. धरणाला सांडवा असावा तसे ते आतल्या पटलात बसलेले असते. प्रोटॉन टर्बाइन चुकवून त्यातून आत येतात, त्यांच्यातली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि तुंबारा ओसरल्यामुळे इंधन भराभर जळू लागते. हे प्रथिन तपकिरी मेदात असते. तंतुकणिकांची दाटी आणि त्यांतील लोहयुक्त प्रथिने यांमुळे त्या मेदाला तो रंग येतो. तुझ्या नातीच्या पाठीवर दोन फऱ्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांभोवती तो आहे, म्हणून तिला स्नायू थरथरवून ऊब निर्माण करावी लागत नाही.

मला सर्वांत देखणे वाटते ते या सांडव्याचे झाकण. एरवी एटीपीसारखी न्यूक्लिओटाइडे ते बंद ठेवतात. थंडी लागली की मेंदूच्या सांगण्यावरून मज्जातंतू नॉरअॅड्रेनलिन सोडतात, मेदाचे विघटन होऊन मेदाम्ले सुटतात, आणि तीच मेदाम्ले झाकणही उघडतात व तंतुकणिकेत जळतातही. जे सरपण तीच किल्ली! डुकरांच्या वंशात हे जनुक फार पूर्वीच निकामी झाले, त्यामुळे त्यांची पिल्ले जन्मतःच कुडकुडतात आणि एकमेकांना बिलगून राहतात.

तुझ्या चिरंजीवांनी वजन घटवण्याच्या ज्या पिवळ्या भुकटीबद्दल विचारले आहे, ती डायनायट्रोफेनॉल असेल तर तिला हातही लावू देऊ नकोस. तीही सांगडच सोडवते, पण सर्व अवयवांत, आणि तिला झाकण नाही. १९३३ नंतर अमेरिकेत ती सडपातळ होण्यासाठी सर्रास घेतली गेली. कित्येकांना मोतीबिंदू झाला, काही जण अंगातल्या उष्णतेनेच दगावले, आणि १९३८ च्या कायद्यानंतर तिचा औषधी वापर थांबवण्यात आला.

यूसीपी-१ ची भावंडे, यूसीपी-२ आणि यूसीपी-३, १९९७ मध्ये सापडली, तेव्हा लठ्ठपणावरचा उपायच हाती आल्यासारखा गाजावाजा झाला होता. मला तो नावाने केलेला घोटाळा वाटतो. यूसीपी-३ नसलेले उंदीर थंडी नीट सोसतात, यूसीपी-१ नसलेल्यांना मात्र अचानकची थंडी सोसवत नाही. ऊब देण्याचा मान एकट्या यूसीपी-१ चाच.

प्रौढपणी हा मेद संपतो, असे आपल्या पिढीला शिकवले गेले. २००९ मध्ये मात्र पेट स्कॅनच्या आधारे अनेक प्रौढांच्या मानेत आणि हासळीच्या हाडावर तो काम करताना दाखवला गेला. तरी वयाबरोबर तो घटतोच, म्हणून आपल्याला शेगडी लागते. बाळाचे सरपणही अमर्याद नसते आणि एवढ्याशा देहातून, विशेषतः डोक्यावाटे, उष्णता झपाट्याने निघून जाते. तेव्हा वहिनींनी घातलेली कुंची सूनबाईंनी जुनाट म्हणून काढली असेल, तर या वादात मी वहिनींच्या बाजूचा आहे, असे दोघींनाही कळव.

तुझा,
वसंत