खोलीबाहेर गेलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

त्या दिवशी तुम्ही खोलीबाहेर गेलात आणि जाताना दार ओढून घेतलंत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. तुम्हाला ते आठवतही नसेल. प्रवेशाच्या दिवसांत हातात फाईल आणि चेहऱ्यावर गोंधळ घेऊन पुष्कळ जणी तुमच्या टेबलापाशी येत असणार. माझ्या मनातून मात्र ते जात नाही. गेल्या आठवड्यात वॉर्डातली माझी पहिली पोस्टिंग सुरू झाली. एका आजोबांचा रक्तदाब घेताना माझ्या शिक्षिका शेजारी उभ्या होत्या. पट्टा चुकीच्या जागी बांधला जातोय हे त्यांनी नुसत्या नजरेनं सांगितलं, आणि मला एकदम तुम्ही आठवलात. शिकवणारं माणूस असं शेजारी असेल की नाही, हे नर्सिंग कॉलेज निवडतानाच बघायचं असतं, हे मला तुम्ही सांगितलं होतं. त्याआधी कुणीच नाही.

आधीच्या मंडळींबद्दल थोडं बोलू द्या, मनात साठलंय. डॉक्टरकीला नंबर लागला नाही का, असं विचारणाऱ्यांना मी सोडून देते. त्यांना उत्तर देत बसले असते तर अर्ज भरायचा राहिला असता. पण ज्यांचं कामच मार्ग दाखवण्याचं, त्यांचं काय? एका समुपदेशकांनी माझी गुणपत्रिका पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "नर्सिंगच करायचंय ना? मग कुठलंही कॉलेज घ्या. शेवटी सगळीकडे तेच शिकवतात." पदवीच कशाला, छोटा कोर्स करून लवकर कामाला लागा, इंजेक्शन द्यायला पदवी लागत नाही, असाही सल्ला मिळाला. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००३ मध्ये लिहून ठेवलंय, की जिथे पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी आढळली. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर तिथेच ऐकवलं असतं. आता ऐकवते.

मग कॉलेजांच्या फेऱ्या. एका ठिकाणी चकचकीत इमारत, आणि माझ्याआधी माझं नाव तिथे पोहोचलेलं. मला थेट सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यावर सराव करायच्या खोलीत नेलं. पुतळा श्वास घेतो, त्याची नाडी लागते, बुबुळं लहानमोठी होतात. सगळं छानच होतं. मी विचारलं, खऱ्या वॉर्डात आम्हाला कुठे पाठवणार? "नामांकित रुग्णालयांशी आमचे करार आहेत." कोणती रुग्णालयं? "ते वेळोवेळी ठरतं." त्यानंतर मला पुन्हा पुतळाच दाखवण्यात आला. दुसऱ्या एका कॉलेजच्या माणसानं फोनवर मला जगातली नर्सेसची टंचाई समजावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात ५९ लाख नर्सेस कमी असल्याचं म्हटलं होतं, ते खरं आहे. पण त्यांचा सूर असा, की इतकी टंचाई आहे म्हणजे नीट शिकवायचीही गरज नाही. मी प्रश्न सुरू केले तर म्हणाले, "ताई, आधी जागा अडकवा, प्रश्न मग विचारत बसा." हे वाक्य मी कधी विसरणार नाही, आणि ते बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही.

तुमच्याकडे मी नुसता अर्ज द्यायला आले होते. तुम्ही विचारलंत, "अजून कुठे कुठे भरलायस?" मी चाचरले. दुसऱ्या कॉलेजांची नावं तुमच्यासमोर घ्यायची कशी? तुम्ही माझ्या फाईलमधली माहितीपत्रकं सरळ बाहेर काढलीत आणि टेबलावर मांडलीत. एकालाही नाव ठेवलं नाहीत. फक्त प्रत्येक ठिकाणी मी काय विचारायला हवं होतं ते सांगत गेलात. मी मागच्या कोऱ्या पानांवर लिहून घेत होते.

ती पानं माझ्याकडे आहेत. "बेड किती ते विचारू नकोस, भरलेले किती ते विचार," हे पहिलंच वाक्य. रुग्णालय कॉलेजचं स्वतःचं आहे की दुसऱ्याचं? दुसऱ्याचं असेल तर तिथे आणखी किती कॉलेजांच्या मुली येतात? एका रुग्णाभोवती आठ जणी उभ्या राहिल्या तर एकीचा हात लागतो आणि सात जणींच्या वहीत सही होते, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तुमच्या बोलण्यात पहिल्यांदा थोडा राग दिसला. वॉर्डात मुलींसोबत कॉलेजची शिक्षिका असते, की स्वतःच्या रुग्णांनी आधीच बेजार झालेल्या सिस्टरच्या गळ्यात त्यांना बांधून मोकळं होतात? युरोपच्या नियमात जनरल नर्सचं शिक्षण किमान ४६०० तासांचं आणि त्यातलं निम्मं तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेतलं असावं लागतं, हे तुम्ही सहज सांगून गेलात. आणि पुढे म्हणालात, "नियम सगळीकडे असतात. तू जाशील तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा वाच. मग कॉलेज तो कागदावर पाळतंय की वॉर्डात, ते बघ."

पुतळ्याबद्दल मी काहीतरी कुत्सित बोलले, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. पुतळ्याला हसू नकोस, म्हणालात. अमेरिकेत दहा नर्सिंग कॉलेजांमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात, वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनला दिले तरी शिक्षणात फरक पडला नाही, असं दिसलं होतं. पण 'चांगल्या' म्हणजे काय? शिकवणाऱ्यांनाही त्याचं प्रशिक्षण झालेलं, आणि प्रत्येक प्रसंगानंतर बसून काय बरोबर झालं, काय चुकलं यावर नीट चर्चा. पुतळा कुणीही विकत घेतं, ती चर्चा कोण घेतं ते विचार. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की या बाई मला त्यांचं कॉलेज विकत नाहीयेत. स्वतःच्या मतालाही त्या आंधळेपणानं धरून नाहीत.

एका माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत शंभर टक्के निकाल छापलेला. तुम्ही चष्मा काढून विचारलंत, "शंभर टक्के कुणाचे?" परीक्षेला बसलेल्यांचे. मग प्रवेश घेतलेल्या किती, मध्येच सोडून गेलेल्या किती, आणि परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झालेल्या किती? कच्च्या मुलींना बसूच दिलं नाही तर कुणाचाही निकाल शंभर टक्के लागतो. मला हे कधीच सुचलं नसतं.

आणि मग ती तिसऱ्या वर्षाची मुलगी आत आली. तिला प्रोसिजर बुकवर, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामांच्या वहीवर, तुमची सही हवी होती. तुम्ही सही केलीत, तिला खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "हिला काय विचारायचं ते विचारू दे. मी इथे असेपर्यंत तू खरं बोलणार नाहीस." आणि उठून गेलात. दाराच्या काचेतून मला तुम्ही दिसत होतात. समोरच्या भिंतीवरचा सूचनाफलक वाचत उभ्या होतात. त्यावरच्या निम्म्या सूचना तुमच्याच सहीच्या असणार. बाकीच्या तरी तुम्हाला पाठ असतील. तरी वाचत होतात, आमच्याकडे पाठ करून.

बाकी सगळ्या ठिकाणी मला विद्यार्थिनी दाखवल्या होत्या. हो, दाखवल्याच. इस्त्रीचा गणवेश, हसरा चेहरा, आणि दोन पावलांवर उभे असलेले प्रवेश विभागातले कुणीतरी. त्या मुली काय बोलणार? वर्षाचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्या कानावर जाईल असं कोण बोलतं? प्रात्यक्षिकाच्या गुणांना तर पेपरसारखा आधारही नसतो, शिक्षिकेचं मत हाच आधार. हे तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक, म्हणून तर तुम्ही दार ओढून घेतलंत. तुमच्या हातात जो धाक होता, तो काही वेळ तुम्ही स्वतःहून बाजूला ठेवलात. त्या मुलीला काय वाटेल ते बोलायला मोकळं सोडलंत. ती तुमच्याबद्दलही काही बोलू शकली असती.

बोललीही. (घाबरू नका, फार नाही.) तुमचं अक्षर कुणाला लागत नाही, आणि सकाळच्या हजेरीला तुम्ही एक मिनिटही सोडत नाही. मग कामाचं बोलली. प्रसूती विभाग उत्तम, तिथे हातून काम होतं. मुलांचा वॉर्ड मात्र बहुतेक वेळा रिकामा, त्या पोस्टिंगला अर्धा वेळ आवराआवर करण्यात जातो. मनोरुग्ण विभागाची पोस्टिंग लांब आहे, जाऊन येऊन जीव जातो. एका विषयाला बरेच महिने शिक्षिकाच नव्हत्या. शेवटी मी विचारलं, इथे चूक झाली तर काय होतं? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, एकदा तिच्या हातात शेजारच्या बेडच्या रुग्णाची गोळी आली होती. देण्याआधी मनगटावरची पट्टी वाचली म्हणून वाचलं. कुणी पाहिलं नव्हतं, तरी ती स्वतः येऊन तुम्हाला सांगून गेली. तुम्ही ओरडला नाहीत. तिला घेऊन औषधांच्या ट्रॉलीपाशी गेलात आणि गोळी हातात येईपर्यंतची प्रत्येक पायरी तिच्याकडून पुन्हा करवून घेतलीत. दोन रुग्णांचे ट्रे अगदी चिकटून ठेवले होते, ते तेव्हा सापडलं. दुसऱ्या दिवसापासून ट्रे लांब गेले. "दुसरीकडे असते तर मी सांगितलंच नसतं," असं म्हणाली ती.

तुम्ही परत आलात तेव्हा, ती काय म्हणाली, असं विचारलं नाहीत. सहज म्हणूनसुद्धा नाही. मला याचंही फार वाटलं. बाहेर जाणं एकवेळ जमतं, परत आल्यावर न विचारणं फार थोड्यांना जमतं.

मग तुम्ही माझं हेतुपत्र वाचलंत. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, त्यांचा दिवा होता आणि सेवेची आवड होती. तुम्ही म्हणालात, दिवा सगळ्यांना आठवतो, त्यांचे आकडे कुणाला आठवत नाहीत. १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा सुरू होण्याआधी त्यांनी सैनिक कशानं मरतात याचे तक्ते मांडून सरकारपुढे ठेवले होते. जखमांपेक्षा रोगांनी माणसं जास्त मेली, हे त्यांनी चित्र काढून दाखवलं. "तुला नर्स का व्हायचंय ते लिही, त्या का झाल्या ते नको." मी तेव्हा सांगितलं, की माझा लहान भाऊ बरेच दिवस रुग्णालयात होता आणि मला लहान मुलांसाठीच काम करायचंय. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि टेबलावरचं एक माहितीपत्रक माझ्याकडे सरकवलंत. तुमचं नव्हतं ते. "मग इथे जा. त्यांचा मुलांचा विभाग मोठा आहे, भरलेला असतो. आमचा नाही."

मॅडम, तुम्ही एक भरणारी जागा हातची सोडलीत. वरून कुणी जाब विचारला असेल का, हे मला कळायला मार्ग नाही. पण तेव्हापासून मी माणसांकडे थोडं वेगळं बघते. चांगुलपणा म्हटलं की मोठमोठी दानं, रात्र रात्र जागणं असलं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. आता वॉर्डातल्या मावशी दिसतात, ज्या रुग्णाला भांडं देऊन आधी पडदा ओढतात. माझी एक सीनियर दिसते, जी स्वतःला येत असलेलं उत्तर राउंडला आम्हाला देऊ देते. अशा माणसांची नावं कुठल्या फलकावर लागत नाहीत आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. जागा अडकवा म्हणणारे मात्र फलकभर दिसतात.

तुम्ही सांगितलेल्या कॉलेजातच आहे मी. मुलांचा विभाग खरंच भरलेला असतो. माझी तिथली पोस्टिंग पुढच्या वर्षी येईल. वसतिगृह यथातथाच आहे आणि एक सर फार वेगानं शिकवतात, पण हे मला इथल्या मुलींनी आधीच सांगितलं होतं. मीही यायच्या आधी, शिक्षिका नसताना, त्यांना गाठून विचारलं होतं.

त्या तिसऱ्या वर्षाच्या ताईंचं नाव विचारायचं राहून गेलं. एव्हाना त्या नोकरीला लागल्या असतील. भेटल्या तर त्यांना हे पत्र दाखवा, आणि सांगा की ड्युटीचे बूट अर्ध्या नंबरनं मोठे घे असं त्या म्हणाल्या होत्या, ते मी घेतलेत. दुपारनंतर पाय खरंच सुजतात.

तुमची,
तुमच्या कॉलेजात न आलेली एक विद्यार्थिनी