साडेबारा ते तीन आम्ही बसायचे कुठे?

महोदय,

‘कॉलेजांत आता पूर्वीच्या कट्ट्यांची जाग राहिली नाही, मुले मोबाइलमध्ये बुडाली आहेत’ अशा आशयाचे एका निवृत्त प्राध्यापकांचे पत्र आपल्या सदरात वाचले. मी नाशिकमधल्या एका लहानशा कला महाविद्यालयात एस.वाय.बी.ए.ला आहे. सरांनी पाहिले ते खरे आहे, पण त्याचे खापर मोबाइलवर फोडले ते काही पटले नाही. आमच्याकडे साडेबाराला शेवटचा तास सुटतो आणि लगेच शिपाईमामांची शिट्टी वाजते. ‘चला, आवार मोकळे करा!’ जिन्यात कोणी टेकलेले दिसले की आयकार्ड जमा. मग एक वाजता तिथे जाग कुठून दिसणार?

मी वणीच्या बाजूच्या खेड्यातून येते. परतीची सोयीची एसटी तीनला. तोवर आम्ही सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर असतो. आम्ही म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, सिन्नर अशा सगळ्या दिशांच्या मुली. आमचे कॉलेज खरे तर तिथेच भरते. नोट्स तिथेच उतरवल्या जातात, भांडणे तिथेच मिटतात, वाढदिवसाचा केकही तिथल्याच बाकावर कापला जातो. सुरगाण्याच्या मैत्रिणीने तिच्या गावच्या बोहाड्यातली सोंगे आणि मुखवटे आम्हाला एकदा इतके रंगवून सांगितले, की सिन्नरवालीची गाडी चुकली. वर्षभर ती माझ्याच वर्गात मागच्या बाकावर होती. वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. हजेरी ७५ टक्के भरली पाहिजे म्हणून आम्ही शेजारी बसतो, पण ओळख होते ती फलाटावर, तीही ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’च्या अधूनमधून.

कॉलेज रोडवर कॅफे आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि भरपूर आहेत. तिथल्या एका कॉफीच्या पैशांत आमचा आठवड्याचा चहा होतो. त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे ‘तुमची पोरगी कॅफेत दिसली’ एवढे एक वाक्य गावात पोहोचले की पुढच्या महिन्याचा पास निघत नाही. मुलांना टपरी तरी आहे. सरांच्या वेळच्या ज्या कट्ट्याची त्यांना आठवण येते, त्यावर मुली किती बसायच्या, हेही त्यांनी एकदा लिहावे. ‘सावाना’ म्हणजे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, अभ्यासिका आहेत, पण तिथे गप्प बसावे लागते. आम्हाला बोलायला जागा हवी आहे.

आवार का रिकामे करायचे, तर बाहेरची मुले घुसतात, गेटवर हाणामाऱ्या होतात. मान्य. मग ज्यांच्या गळ्यात आयकार्ड नाही त्यांना अडवा. ज्यांच्या गळ्यात आहे त्यांनाच बाहेर काढून बाहेरच्यांचा बंदोबस्त कसा होतो, हे मला समजलेले नाही.

गंमत म्हणजे कागदावर आमचे सांस्कृतिक जीवन जोरात आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने एनएसएस, खेळ, कला यांनाही श्रेयांक दिले आहेत. धोरणाला हवे तेच आम्हालाही हवे आहे, पण प्रत्यक्षात रांगोळी काढायची, फोटो काढायचा, प्रमाणपत्र फाइलला लावायचे आणि साडेबाराच्या आत बाहेर पडायचे. भित्तिपत्रक काचेच्या पेटीत आहे आणि पेटीची किल्ली कार्यालयात. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, पेटी उघडते. मार्चअखेरही तोच अंक आतून आमच्याकडे बघत असतो. गॅदरिंग नेमके द्राक्षाच्या हंगामात येते, तेव्हा दिंडोरी-निफाडकडच्या निम्म्या मुली माल तोडणीला. पारंपरिक दिवसाच्या साडीचे भाडे, डीजेची वर्गणी, हे वेगळेच. फिशपाँड कुणाचे तरी मन दुखावते म्हणून बंद झाले, त्याचे मला दुःख नाही. त्यातले निम्मे टोमणे रंगावर आणि गावाकडच्या बोलीवर असायचे, असे सीनियर सांगतात.

आमच्या बाजूने हे सगळे मांडायचे कुणी? माझ्या काकांच्या वेळी वर्गात सी.आर.च्या, म्हणजे वर्गप्रतिनिधीच्या निवडणुका व्हायच्या. हाणामाऱ्यांमुळे त्या बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, त्या अजून कायद्यातच आहेत. मी विधानसभेला मतदान केले आहे. आमच्या वर्गाची प्रतिनिधी कोण, हे मात्र मला सूचना फलकावर वाचून कळले. मुलगी हुशार आहे, पण ती नाशकातलीच. साडेबाराला स्कूटीवर घरी जाते. तिला एसटीचे वेळापत्रक माहीत असण्याचे कारण नाही.

असे एकत्र बसून बोलणे होऊ शकते, हे मी एनएसएसच्या श्रमसंस्कार शिबिरात पाहिले आहे. सात दिवस एका गावातल्या शाळेत मुक्काम. एनएसएसच्या सरांनी स्वतः घरोघरी फोन केले म्हणून आम्हाला सोडले. सकाळी बांधाचे काम, रात्री भाकरी थापता थापता चर्चा. लग्नापासून जातीपर्यंत कुठलाच विषय सुटला नाही. भांडलोही चांगले. आठव्या दिवशी पुन्हा शिट्टी.

तेव्हा मोबाइल जप्त केल्याने काही होणार नाही. लेडीज रूम दुपारी तीनपर्यंत उघडी ठेवा. कार्यालय साडेपाचपर्यंत चालूच असते, शिपाईमामाही तिथेच असतात, म्हणजे जादा माणूस लागणार नाही. मुलांसाठी एखादा रिकामा वर्ग द्या. भित्तिपत्रकाची किल्ली वाङ्मय मंडळाकडे द्या. फार तर मंडळाच्या सरांनी आधी वाचून बघावे. गॅदरिंग डिसेंबरात घ्या.

या मागण्यांचा अर्ज आम्ही प्राचार्यांकडे दिला आहे, त्यावर आवक क्रमांकही पडला आहे. बाहेरगावच्या मुलींच्या सह्या झाल्या आहेत. पत्रलेखक सर नाशकात राहत असतील तर त्यांनीही येऊन सही करावी. फक्त साडेबाराच्या आत यावे.

– एस.वाय.बी.ए.ची एक विद्यार्थिनी, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)