बियाणं तयार आहे का, ते आधी विचार

निपाणी

चि. सानिकास अनेक आशीर्वाद,

ज्वारीच्या दाण्याचं वजन ठरवणारी जनुकं शोधायची, हा धारवाडला पीएचडीचा विषय ठरवण्याआधी गाईडना एवढंच विचार: ज्वारीच्या शुद्ध लाइन्स, म्हणजे पेरल्या की दर पिढीला तशाच उगवणाऱ्या ओळी, तयार आहेत का, आणि किती? संकर करून एफ-2 पासून, म्हणजे संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीपासून, प्रत्येक झाडाचा एकेकच दाणा पुढं नेत सातवी पिढी, एफ-7 गाठायचं, तर रब्बीच्या एका हंगामात एकच पिढी होते. मिश्रपणा, म्हणजे एकाच जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असणं, दर पिढीला निम्मा होतो. एफ-2 ला 50 टक्के, एफ-7 ला जेमतेम दीड. तुझी फेलोशिप त्यातच संपायची. तयार नसतील तर सरळ दुसरा विषय घे.

लाइन्स 100 च असतील तर सापडलेल्या जनुकाचा परिणाम खऱ्यापेक्षा फुगून दिसतो, आणि बारीक परिणामाची जनुकं हातीच लागत नाहीत. दाण्याचं वजन हे अशाच बारीक जनुकांचं काम. माणसाच्या उंचीचंच बघ ना, 2022 च्या अभ्यासात 54 लाख माणसं घेतली तेव्हा जनुकसाखळीतल्या 12,000 च्या वर जागा सापडल्या!

फुलोऱ्याआधी कणसांना कागदी पिशव्या चढव. ज्वारीत थोडं का होईना परपरागण होतंच, आणि एक परका दाणा शिरला की लाइन बिघडली. हजार दाण्यांचं वजन घेताना सगळ्यांचा ओलावा सारखा, 12 टक्क्यांच्या आसपास आणून घे. नाहीतर मोजशील ते पाणी. प्रत्येक लाइन तीनदा पेर, दर वेळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरव. काळ्या रानात पाणी धरणारा सखल कोपरा असतोच. एकाच गटातल्या लाइन्स तिथं आल्या तर कोपऱ्याचा गुण जनुकाच्या नावावर चढतो.

गावरान वाण घेऊन काम करणार असशील तर त्यांची नाती आधी तपास. अथणीकडचे आणि खानापूरकडचे वाण सरमिसळ केलेस, तर त्या दोन भागांत जे जे वेगळं ते सगळं वजनाशी जुळल्यासारखं दिसेल. नात्यांचा तक्ता आकडेमोडीत घालायचाच. 1 लाख मार्कर, म्हणजे जनुकसाखळीवरच्या खुणा, 0.05 वर (शंभरात पाच वेळा योगायोगानं फसायची मुभा ठेवून) तपासलेस तर नुसत्या योगायोगानं 5,000 'जनुकं' निघतील गे, म्हणून 0.05 ला लाखानं भागायचं.

रानातल्या बायकांशी कन्नडमधून बोल, पिशवी कुणी कधी बदलली ते त्याच सांगतील. नोंदी मात्र पेन्सिलीनं कर. रब्बीच्या दवात शाई पसरते.

तुझे बाबा